पन्नास लिटर आणि वर शीग

केतकीने पुढे केलेला चहाचा कप हाती घेताच यशोधनचे मनगट किंचित दचकले. चहा काठापासून चांगला बोटभर खाली होता, बशी कोरडी होती. दुसऱ्या कुणाला त्यात खटकण्याजोगे काही दिसले नसते. पण चहा ओतला जात असतानाच, अडीचशे मिलिलिटरपाशी, त्याच्या आत एक हलका ठोका पडून गेला होता. गाणे समेवर यावे आणि मान आपोआप हलावी, तसा. त्यानंतरही धार थांबली नव्हती. समेपुढचा तो चौतीस मिलिलिटर चहा, मैफल संपली तरी उठायला तयार नसलेल्या श्रोत्यासारखा, आता कपात बसून होता.

त्याने डोळा चुकवून थोडा चहा बशीत ओतला.

“ओत, ओत,” केतकी म्हणाली. “लपवतोस कशाला?”

“बशीत लवकर निवतो.”

“तुझ्या हातचा कप घेतला की मला काय वाटतं, सांगू? कुणीतरी आधीच घोटभर पिऊन उष्टा करून ठेवलाय.”

“माझ्याही कपाकडे बघा कुणीतरी,” वर्तमानपत्राआडून अण्णा, यशोधनचे वडील, म्हणाले. “यात मुंगी आहे. ती लिटरची की गॅलनची, ते तुम्ही ठरवा.”

केतकी हसली. यशोधनही हसला. हल्ली आपण दोघे एकत्र हसतो ते फक्त अण्णांच्या बोलण्यावर, हे मात्र त्याच क्षणी त्याच्या ध्यानात आले आणि बशीतला चहा त्याने न पिताच खाली ठेवला.

मापभान येऊन तेव्हा काही वर्षे लोटली होती. मापभान म्हणजे कानामागच्या हाडावर, त्वचेखाली बसवायची तांदळाच्या कणीएवढी चकती. भांडे भरत जाते तसा त्यातला हवेचा स्तंभ आखूड होतो आणि ओतण्याचा आवाज चढत जातो. नळाखाली लावलेली कळशी भरत आली, हे स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून कळते ते यामुळेच. चकती तो आवाज ऐके. मनगटाच्या स्नायूंवर पडणारा भार तिला मज्जातंतूंकडून कळे, भांड्याचा आकार डोळ्यांकडून. या तिन्हींचा मेळ घालून द्रवाचे आकारमान ती इतके अचूक ठरवी की दहा हजार थेंबांत एका थेंबाची चूक व्हावी.

पण तिचे खरे नवल अचूकपणात नव्हते. पहिल्या प्रयोगांत माणसांना आकडे दाखवून पाहिले होते, आणि आकड्यांनी माणसे थकली. मग संशोधकांनी आकडे वगळून मेंदूतल्या एका फार जुन्या आनंदाला हात घातला: काहीतरी पुरे झाल्याचा आनंद. एक लिटर पुरा झाला की आत ठोका पडे, अर्ध्याला आणि पावाला हलका, पुऱ्याला भरीव. मोजावे लागतच नसे. हात आपणहून थांबे. औषधांचे कारखाने, रंगशाळा, लशींच्या प्रयोगशाळा, सगळीकडे मापभान असलेली माणसे दिसू लागली.

त्यात मेख एकच होती. पहिल्या काही महिन्यांत मेंदू ज्या एककाला पुरे म्हणायला शिके, ते पुढे बदलत नसे. मातृभाषेसारखे ते आत मुरे.

यशोधन हर्डीकरने मापभान सांगलीतच घेतले, अर्थातच लिटरचे. घरची रसशाळा होती, आसवे आणि अरिष्टे करण्याची. त्याच्या हाताला भान आले आणि कधी गोड तर कधी तुरट निघणारे त्यांचे द्राक्षासव वर्षभर एकाच चवीचे निघू लागले. केतकीने आपले मापभान यॉर्कशायरमधल्या एका जुन्या मद्यशाळेत घेतले होते. किण्वनशास्त्र शिकून ती तिथे कामाला लागली होती. तिथली ओकची पिंपे पिढ्यान्‌पिढ्या गॅलनांची, पेले पिंटांचे; आठ पिंटांचा एक गॅलन, आणि तिचा चहा पुरा होई तो अर्ध्या पिंटाला. एका परिषदेत दोघांची ओळख झाली. तो पाच वाक्येसुद्धा धड बोलला नाही, आणि तिला त्याचे ते न बोलणेच आवडले. लग्न ठरताना नातलगांनी पत्रिकेतले छत्तीस गुण पडताळून पाहिले. एकक कुणी विचारले नाही.

अण्णांजवळ मापभान नव्हते आणि त्यांना ते नकोही होते. ते वाढले तासगावकडे, जिथे खळ्यावरचे धान्य पायलीने मोजत. त्या मोजणीत पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन. आणि माप काठाशी सपाट करीत नसत. काठाच्या वर धान्याचा जो निमुळता ढीग आपणहून उभा राही, त्याला शीग म्हणत. “सपाट माप बाजारातलं, शिगेचं माप घरचं,” असे अण्णा आजही म्हणत आणि वरणाचा डाव जरा जास्तच भरून वाढत. त्यांनी वाढले की यशोधन आणि केतकी दोघेही मनातल्या मनात कण्हत. तेवढ्या एका बाबतीत त्यांचे एकमत असे.

द्राक्षासवाची नवी बरणी उघडली त्या दिवशी झाकण निघताच अण्णांनी नाक मुरडले. बोट बुडवून चाखले.

“हे द्राक्षासव नव्हे रे. शिर्का आहे. मिरच्या घाला यात.”

यशोधनने चाखले. बरणी आंबली होती. मनुकांचा काढा त्याने स्वतः गाळला होता, बरोबर चार लिटर. गूळ आणि धायटीची फुले नेहमीच्याच प्रमाणात घातली होती. गोडी पुरेशी असली तर संधान, म्हणजे किण्वन, नीट होते. काढा पातळ झाला की ते आंबटाकडे वळते. म्हणजे काढ्यात पाणी गेले होते.

“केतकी, गाळून ठेवलेल्या तपेल्याला तू हात लावला होतास?”

केतकीने बरणीत बोट बुडवून चाखले. “बाजूला सरकवायला उचललं होतं,” ती म्हणाली. “गॅलनला कमी होतं, यशो. मी मुद्दाम नाही केलं. भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली की हात जातो ना, तसा गेला. अर्धा लिटर पाणी असेल.”

यशोधनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “मग ते मी केलं.”

“काय?”

“परत आलो तेव्हा तपेलं साडेचारच्या थोडं वर होतं. मला वाटलं, मीच मघाशी चुकलो. मी पाच पुरे केले.”

“आणि संध्याकाळी मी पुन्हा उचललं,” केतकी हळूच म्हणाली. “नऊ पिंटांना घोटभर कमी होतं.”

चार लिटरांचा काढा दोघांनी मिळून, एकमेकांच्या नकळत, पाचांच्या पुढे नेला होता. जिथे एकाचे भरले होते तिथे दुसऱ्याला उणे दिसले होते, आणि दोघांनीही ते प्रेमानेच भरून काढले होते.

“मी काही दिवस एका गोष्टीचा विचार करतेय,” केतकी म्हणाली. आवाज शांत होता, म्हणून यशोधनला अधिक भीती वाटली. “यॉर्कशायरच्या पिंपघरात माझी जागा अजून रिकामी आहे. त्यांनी विचारलंय. इथं माझं काहीच भरत नाही रे. पाणी पिते, तेही अर्धवट वाटतं. दिवसभर कुणीतरी वाक्य अर्ध्यात सोडून उठून जातंय, असं.”

त्याला पुष्कळ सांगायचे होते. की तो तपेल्यांविषयी बोलत नसतो तेव्हाही तिच्याविषयीच विचार करीत असतो. पण शब्द त्याच्याकडे नेहमीच उशिरा येत, आणि येईतो समोरचे माणूस उठून गेलेले असे. केतकीही उठून गेली.

“मी काढून टाकतो,” ती गेल्यावर तो अण्णांना म्हणाला.

“काय?”

“मापभान. पुण्यात काढतात. मग गॅलनचं नवं घेईन. घेता आलं तर.”

“दात आहे का तो, काढून टाकायला?” अण्णा म्हणाले. पण मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी पुढची थट्टा गिळली.

पुण्याच्या संस्थेत डॉक्टर वृंदा कामत होत्या. मापभानावर पहिल्यापासून काम केलेल्यांपैकी एक. केस पांढरे, डोळे मात्र नुकत्याच शाळेत घातलेल्या मुलीसारखे. त्यांनी यशोधनचे सगळे ऐकून घेतले.

“काढता येईल,” त्या म्हणाल्या. “पण नीट ऐका. चकती निघेल, ठोका थांबेल. ठोक्याची वाट पाहणं मात्र मेंदू सोडत नाही. ज्यांची काढली, त्यांना नळ वाहताना ऐकवत नाही. नदीकाठी उभं राहवत नाही. काहींचं वर्षभरात निवळतं, काहींचं निवळत नाही. आणि दुसरं एकक त्यावर रुजेलच, याची हमी मी देणार नाही.”

“पण ती थांबेल,” यशोधन म्हणाला.

“तिनं सांगितलंय तसं?”

त्याने मान हलवली: नाही. मग खिडकीबाहेर पाहत, प्रश्न फार बालिश आहे हे ठाऊक असलेल्या माणसाच्या संकोचाने, त्याने विचारले, “मॅडम, लिटर आणि गॅलन... ते कधीच जुळत नाहीत का?”

डॉक्टर कामतांनी हातातले पेन खाली ठेवले.

“इतकी माणसं येतात इथं,” त्या म्हणाल्या, “हे कुणी विचारलं नव्हतं. या इकडे.”

भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याशी त्या उभ्या राहिल्या. “लिटरचं मूळ मीटरमध्ये, आणि मीटर काढला पृथ्वीच्या परिघावरून. दहा सेंटिमीटरचा घन, तो एक लिटर. इंग्रजी गॅलन आला वजनातून: दहा पौंड पाणी जेवढी जागा व्यापतं, तेवढा. अमेरिकेचा गॅलन आणखी निराळा, लहान. त्याला आज सोडून देऊ. म्हणजे एकानं पृथ्वी मोजली, दुसऱ्यानं पाणी तोललं. एकमेकांशी जुळावं असं दोघांच्याही मनात नव्हतं.” त्यांनी आकडा लिहिला: एक गॅलन म्हणजे ४.५४६०९ लिटर. “आता पुरे गॅलन आणि पुरे लिटर तंतोतंत एकाच ठिकाणी यायचे, तर पहिली भेट एक लाख गॅलनांवर. चार लाख चौपन्न हजार सहाशे नऊ लिटर.”

“म्हणजे तळंच लागेल.”

“छोटंसं. आणि ते भरेपर्यंत संसार टिकला पाहिजे.”

यशोधन अभावितपणे हसला. मग फळ्याजवळ गेला आणि काही न बोलता गुणाकार मांडू लागला. दोन गॅलन, नऊ लिटर आणि वर ब्याण्णव मिलिलिटर. पाच, सहा, सात. कुठे थोडे पुढे, कुठे थोडे मागे, अनोळखी माणसांनी एका रस्त्यावरून जावे तसे. दहा गॅलनांना पंचेचाळीस लिटर उलटून जवळजवळ अर्धा लिटर वर. अकरा मांडले आणि त्याचा हात थांबला.

“पन्नास,” तो म्हणाला.

“किती?”

“पन्नास लिटर आणि सात मिलिलिटर.”

डॉक्टर कामतांनी स्वतः गुणाकार करून पाहिला. मग खुर्चीत बसल्या.

“सात मिलिलिटर,” त्या म्हणाल्या. “चकतीला ते कळतील. पण मेंदू त्यांना उणं म्हणेल, की चालवून घेईल? मला ठाऊक नाही. हा प्रयोग झालेलाच नाही. वेगळ्या एककाची माणसं एकत्र ओततच नाहीत ना. चकती तुमची काढता येईलच, ती कुठे पळून जात नाही. आधी हे करून बघा. आणि काय झालं ते मला कळवा. मला झोप यायची नाही.”

सांगलीला परतल्यावर केतकीला हे सांगणे त्याला गुणाकारापेक्षा अवघड गेले. ती अंगणात मनुका निवडत होती. तो तिच्यासमोर बसला, आणि बसल्यावर आधी पुण्याला कशाला गेलो होतो ते सांगितले. तिचे हात थांबले.

“मला न विचारता?”

“तू थांबावीस म्हणून.”

“आणि नळाचा आवाजही ऐकवत नाही असा तू घरात बसला असतास, मी ते बघत बसले असते. फार छान.” तिच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि ते रागाचेच आहे असे तिने ठरवले होते. “बोलायचं असतं रे, यशो. काढून टाकायचं नसतं.”

“म्हणून तर आलोय बोलायला,” तो म्हणाला, आणि अकरा गॅलनांचे सांगितले.

निवडलेली एक मनुका तिने तोंडात टाकली. तिच्यातली किण्वन शिकलेली मुलगी हळूहळू जागी होताना त्याला दिसली.

“म्हणजे आसवाचं भांडंच पन्नास लिटरचं करायचं. तिथं आपण दोघंही थांबू. पुढे कुणी घालणार नाही.”

“हं.”

“आणि चहा?”

“चहाचं काही होणार नाही.”

“वा. म्हणजे तुझं नि माझं जुळणार, तेही अकराव्या गॅलनला.”

“पन्नासाव्या लिटरला,” यशोधन म्हणाला.

तिने एक मनुका त्याला फेकून मारली.

तांब्याचे घंगाळ करडेमामांनी घडवले. ते मिरजेचे जुने तांबट. आतून कल्हई केली, आणि काठोकाठ बरोबर पन्नास लिटर मावावेत म्हणून काट्यावर पाणी तोलून तोलून काठ घासत आणला. रसशाळेच्या ओट्यावर ते पातळी पाहून बसवले गेले तेव्हा सकाळचे ऊन त्याच्या तळाशी येऊन पडले होते.

“आधी पाण्यानं बघू,” केतकी म्हणाली. “मला नाही वाटलं, तर नाही म्हणेन. तुला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही.”

“नको सांगूस.”

स्टुलावर बसलेल्या अण्णांनी पूजेचे तबकच सोबत आणले होते; त्यातला देवघरातला तांब्या त्यांनी पुढे केला. “यानं ओता. याला माप नाही. आणि पहिल्याला लाभ म्हणायचं.”

यशोधनने पहिला तांब्या ओतला. “लाभ,” अण्णा म्हणाले. दुसरा केतकीने ओतला. आळीपाळीने तांबे रिते होऊ लागले आणि घंगाळाचा आवाज खोलातून वर येऊ लागला. यशोधनला त्याचे ठोके ओळीने येत होते. पण आज, पहिल्यांदाच, त्याला तिच्या ठोक्यांचे कुतूहल वाटले. इतकी वर्षे त्याने ते फक्त सोसले होते.

“तुला कुठे येतो, ते सांगत जा,” तो म्हणाला.

“तूही सांग.”

“आला,” तो म्हणाला. पाण्याची आणखी थोडी धार पडली आणि ती म्हणाली, “माझा.” मग त्याचा. मग तिचे दोन, पाठोपाठ. कधी तिचा पुढे, कधी त्याचा. जुळतात असे वाटता वाटता ते निसटून जात, आणि निसटल्यावर दोघेही हसत. यशोधनला वाटले, आपण एका बंद खोलीबाहेर वर्षानुवर्षे राहत होतो आणि आत गाणे चालू होते.

“हे भजन आहे की भांडण?” अण्णांनी विचारले.

“मोजा तुम्ही, अण्णा,” केतकी म्हणाली.

“मी केव्हाच चुकलोय.”

पाणी काठाजवळ आले तशी बोलणी थांबली. आता तांब्यातून करंगळीएवढी धार पडत होती, मग थेंब. यशोधनच्या हातात तांब्या होता. पाण्याने काठाला चहूकडून स्पर्श केला, आणि त्याच्या आत तो पन्नासावा ठोका पडला. भरीव, गोल, सगळ्या अंगभर. हात आपणहून थांबला. जगात कुठेही काहीही उणे उरले नव्हते.

त्याने केतकीकडे पाहिले.

तिने डोळे मिटले होते. ओठ जरासे विलग होते, भुवया किंचित वर. ती वाट पाहत होती. मेंदूने चालवून घेतले नव्हते. ती म्हणाली होती त्याप्रमाणे खोटे सांगत नव्हती, एवढेच. पण तिच्या चेहऱ्यावरचे ते उणेपण यशोधन आज प्रथमच इतक्या जवळून पाहत होता, आणि ते किती लहान आहे याचे त्याला नवल वाटले. आपण मात्र इतके दिवस त्याला डोंगर समजून वळसा घालीत होतो.

घंगाळ काठोकाठ होते. त्याचे सगळे शरीर सांगत होते: पुरे.

अण्णांच्या पूजेच्या तबकातून त्याने पळी उचलली, तांब्यातल्या सात मिलिलिटर पाण्याने भरली, आणि हाताला न जुमानता, अगदी काठाजवळून, घंगाळात सोडली.

पाणी सांडायला हवे होते. ते सांडले नाही. थेंबाथेंबाला धरून ठेवणारा पाण्याचा जो स्वतःचा ताण असतो, त्याने ते उचलून धरले. काठाच्या वर, केसभर उंच, सकाळच्या उजेडात थरथरत, ते उभे राहिले.

“अरे,” अण्णा स्टुलावरून अर्धवट उठत म्हणाले, “शीग!”

केतकीची मान हलली. अगदी थोडी, समेला हलते तशी. ती डोळे मिटूनच काही वेळ उभी राहिली, आणि तिने सोडलेल्या श्वासाने पाण्याचा तो फुगवटा शहारला.

“मनुका निवडून झाल्यात,” मग ती म्हणाली. “उद्या भिजत घालू. पिंपघराला काय ते मी कळवते.” आणि डोळे उघडून, त्याच्या हातातल्या पळीकडे पाहत, तिने हळूच विचारले, “तुला जास्त झालं ना रे?”

यशोधनने वाकून काठाखालून बोट फिरवले. घंगाळाचे तांबे कोरडे होते.

“झालं,” तो म्हणाला. “पण सांडलं नाही.”